धूर मरेपर्यंत

सात उन्हाळे मी सरकारी माणूस होते. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. उरलेले आठ महिने नागपुरात घरी बसून ब्लाउज शिवायची, आणि तेव्हा मला कोणी मॅडम म्हणत नव्हतं. रामटेकच्या पुढे जे जंगल लागतं तिथे उन्हाळ्यापुरते फायर वॉचर घेतात. नेमणुकीचं पत्रबित्र काही नाही. वनरक्षकाचा फोन येतो, "ताई, येऊन राहिल्या ना यंदा?" आणि आपण पेटीतून खाकी काढायची. फोन आला तर नोकरी, नाही आला तर नाही. फेब्रुवारी लागला की मी फोन हातातून सोडत नसे. भाकरी थापतानाही तो पोळपाटाजवळ असायचा. आई म्हणायची, "त्याले बी एक भाकर वाढ आता."

कागदावर काम आगीवर नजर ठेवायचं. खरं काम चालायचं. सकाळी पाण्याची कॅन, काठी आणि शिट्टी घेऊन निघायचं, पाणवठे बघायचे, कुठे झाड पडलंय का, कुणाच्या हातात कुऱ्हाड आहे का, कुठे धूर निघतोय का ते बघायचं आणि परत यायचं. लोकांना वाटतं, वा, वाघाच्या जंगलात राहते. सात वर्षांत वाघ मला चारदा दिसला, त्यातून दोनदा पाठमोरा. पाचोळा मात्र रोज दिसला. सागाचा, ऐनाचा, मोहाचा, गुडघ्यापर्यंत. स्वप्नातसुद्धा मी पाचोळ्यातूनच चालायची आणि उठल्यावर पाय दुखलेले असायचे.

मला राग लवकर येतो. आई म्हणते बाबांवर गेली. जंगलात रागाचा उपयोग होत असेल असं वाटून पहिल्या वर्षी मी बायकांवर फार ओरडले. मोहाच्या दिवसांत गावच्या बाया उजाडता उजाडता फुलं वेचायला येतात. फूल गळून पाचोळ्यात पडलं की दिसत नाही, म्हणून आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा. काळंभोर गोल तयार होतं आणि त्यावर पिवळी फुलं कशी स्वच्छ दिसतात. फक्त त्या आगीला आपली हद्द कळत नाही. जंगलातल्या अर्ध्याअधिक आगी मोहाखालून निघतात असं आमचे वनरक्षक भाऊ म्हणायचे. हे माझे वरचे साहेब, वयाने माझ्याहून लहान, पण मी त्यांना भाऊच म्हणायची.

जाळताना कोणी सापडलं तर गुन्हा. त्याला आमच्यात पीओआर फाडणं म्हणतात. त्या पुस्तकात एकदा नाव चढलं की तारखा सुरू, आणि त्या माणसाला जंगलात पाऊल टाकायची बंदी. बंदीपेक्षा वाईट पुढचं. मोहाची झाडं कोणाच्या नावावर नसतात, पण कोणतं झाड कोणाचं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. झाडाखालचं गोल ज्याने साफ केलं त्याचं झाड. एक हंगाम गोल साफ झालं नाही, की दुसरा कोणी तिथे खराटा फिरवतो आणि झाड गेलं ते गेलंच.

एका मावशीची अशी दोन झाडं होती. सत्तरीची बाई, घरात एकटी, तोंडात तंबाखू आणि कमरेला चंची. पहिल्या वर्षी मी तिच्यावर ओरडले तेव्हा तिने शांतपणे माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं वं तुहं? आता पाणी पे." माझ्या कॅनचं झाकण उघडून तिनेच मला पाणी दिलं.

खात्याकडून हिरव्या जाळ्या मिळायच्या. झाडाखाली अंथरा, फूल जाळीवर पडेल, जाळायला नको. मावशीने एक वर्ष अंथरली. दुसऱ्या वर्षी म्हणे नको. का, तर चितळाचं पिल्लू जाळीत अडकलं होतं आणि तिने विळ्याने कापून सोडवलं. "अर्धा दिवस वरडलं लेकरू. मले नाही पाहिजे तुही जाळी." मी म्हटलं, मग काय करशील? म्हणाली, "इस्तो लावीन, काय करीन?" जाळ लावीन, हे तिने खाकीतल्या बाईला तोंडावर सांगितलं.

तेव्हा मला घरच्या लुगड्यांची आठवण झाली. आमचं घर विणकरांचं. बाबांचा माग गेला, बाबाही गेले, पण त्यांनी विणलेली सुती लुगडी आईने पेटीत धरून ठेवली होती. विरलेली, पण धागा पक्का. मी आईला मागितली तर तिने आधी पेटी उघडून एकेक लुगडं चाचपलं. मग तिनेच मशीनवर बसून सहा लुगडी एकमेकांना जोडली, कडेला दोरा ओवायला नेफा केला आणि म्हणाली, "जाऊ दे. इथं तरी कोण नेसून राहिलं?" ते भलंमोठं पांढरं कापड मी एसटीत मांडीवर घेऊन नेलं. मावशीने ते हातात घेऊन चुरगाळलं, वास घेतला, आणि त्या दिवसापासून तिने झाडाखाली काडी लावली नाही. पहाटे अंथरायचं, फुलं गोळा झाली की घडी घालून फांदीवर टांगायचं. चितळ आलं तर त्याच्यावरून चालून जायचं, अडकायचं नाही. चार हंगाम. हे मी आणि ती, आम्ही दोघीच जाणत होतो, असं म्हटलं तरी चालेल. बाकी कोणाला कोणाच्या गोलाकडे बघायला वेळ होता?

आता त्या शेवटच्या वर्षाचं सांगते.

त्या वर्षी जाळरेषेचं काम लांबलं. जाळरेषा म्हणजे उन्हाळा तापायच्या आधी आपणच जंगलातून एक रुंद पट्टा झाडून काढायचा आणि त्यावरचा पाचोळा आपल्या देखत जाळायचा, म्हणजे उद्या आग आली तर तिथे येऊन उपाशी मरेल. हे काम फेब्रुवारीत संपायला हवं. आमचा एक तुकडा मार्चपर्यंत राहिला आणि तो नेमका मावशीच्या झाडांना लागून. या कामाचा एकच नियम. भाऊ तो इतक्यांदा सांगायचे की आम्ही त्यांची नक्कल करायचो: "धूर मरेपर्यंत हालाचं नाही." आणि दुसरं, पडलेलं लाकूड पेटलं असेल तर त्याच्यावर माती लोटायची नाही, पाणीच टाकायचं. माती टाकली की धूर दिसायचा बंद होतो आणि लाकूड आतल्या आत कोळशाच्या भट्टीवाणी धुमसत राहतं. दोन दिवस, तीन दिवस. मग वारा सुटला की बाहेर येतं. नवीन पोरांना हे मी शिकवायची. मी.

त्या दिवशी दुपारपर्यंत पट्टा जळून झाला. बाकीच्यांना मी जेवायला पाठवून दिलं. ऐनाचं एक जुनं खोड रेषेच्या कडेला आडवं पडलं होतं, त्याच्या पोटातून धूर निघत होता. माझी कॅन रिकामी. नाला तिथून दीड किलोमीटर. आणि माझी बस तासाभरात. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं, आणि तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. मी खोडाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी फार थकले होते. पाठ अशी झाली होती की वाकलं तर सरळ होताना डोळ्यांपुढे काळोखी यायची. मी फावड्याने माती ओढली, खोडावर लोटली, वरून पायाने दाबली. धूर थांबला. मी रस्त्याला लागले.

आईचा डोळा छान झाला. पट्टी काढल्यावर ती मला म्हणाली, "किती काळी झाली वं तू." तिसऱ्या दिवशी दुपारी तिला वरणभात देत होते तेव्हा मोबाइलवर आगीचा मेसेज आला. उपग्रहाला आग दिसली की तो सगळ्यांना येतो, त्यात ठिकाणाचे आकडे असतात. ते आकडे मला पाठ होते. मी ताट ठेवलं आणि आईला काही न सांगता बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. मग तोंड धुतलं आणि निघाले.

मी पोचले तेव्हा आग विझवून झाली होती. टेकडीचं एक अंग काळं पडलं होतं. फार मोठं नाही, पण छोटंही नाही. चालताना बुटांतून चटका लागत होता. एका झुडपाच्या बुडाशी रानकोंबडीची अंडी होती, तडकलेली, आतून शिजलेली. भाऊंचा चेहरा काजळीने माखला होता. एका दिवसात माणूस तीन रात्री जागल्यासारखा दिसत होता.

मावशी तिच्या मोहाखाली उकिडवी बसली होती. भाऊंनी तिच्या चंचीतून काडीपेटी काढून दगडावर ठेवली होती.

"इथूनच लागली," भाऊ म्हणाले. "पाहा ना, मोहाखालून सुरू झाली अन् वर गेली. काडीपेटी बी भेटली. ताई, तुमचं अक्षर चांगलं हाये, पंचनामा लिहा."

मी म्हटलं, "भाऊ, अज्ञात इसम लिहू." दरवर्षी आम्ही तेच लिहायचो. जंगलातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे अज्ञात इसम.

"नाही चालत यंदा. रेंजर साहेबानं सांगतलं, नाव पाहिजे. नावाशिवाय कागद आणू नका म्हणे." ते बोलता बोलता फोन वर धरून नेटवर्क शोधायला टेकाडाकडे निघाले, फोटो पाठवायचे होते. "मी येतो तोवर लिहून ठेवा."

मी कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागले. तारीख, कंपार्टमेंट नंबर, मोहाच्या झाडाखालून. हात आपोआप चालत होता. मग मान वर केली तर ते खोड दिसलं. मोहापासून वीस पावलांवर. आतून पूर्ण जळून पोकळ झालेलं, माझी माती दोन्ही बाजूंना ढासळलेली. पण मातीचा रंग वेगळा होता. ती आधी ओली होऊन मग वाळलेली माती होती, ढेपळं झालेली. आणि बाजूला अनवाणी पावलं, एकावर एक, नाल्याच्या दिशेने गेलेली आणि आलेली. मावशीचा पत्र्याचा डबा तिथेच आडवा पडला होता.

"मावशी," मी म्हटलं, "तू पाणी टाकून राहिली होती?"

"दोन दिस टाकलं." ती जमिनीकडे बघत होती. "मले सकाळी मातीतून धूर दिसला. डबा भरून आणला, पुन्हा आणला. लहान डबा, बाई, अन् नाला केवढा दूर. वरून विझे अन् आतून धुपे. तिसऱ्या दिशी बाजार होता, फुलं विकाची होती. म्हटलं, आता नाही पेटत. वापस आलो त जाळ उठला होता."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? का त्या पोरीनं माती टाकली म्हणून?" मग माझ्या हातातल्या कागदाकडे तिने हनुवटीने खूण केली. "लिही वं. माह्या नावानं लिही. मले काय करतीन, म्हातारीले? तुले त फोन नाही येणार मंग."

फोनचं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं, हसत हसत, फुलं वेचताना.

आता जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मला बरं वाटलं. एक क्षण का होईना, छातीवरचा दगड उतरल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. तीच म्हणते आहे, मी कुठे म्हणाले? मी पेन टेकवलं आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. मग तिच्या फांदीकडे नजर गेली. कापडाची घडी तिथे टांगलेली होती. आग इतकी जवळ येऊनही ती वाचली होती, कारण मावशीने ती वरच्या फांदीवर चढवली होती. त्या वयात झाडावर चढून. खाली सकाळी वेचून ठेवलेले तिचे स्वतःचे फुलांचे दोन टोपले जळून गेले होते.

पंचनाम्यात खोडाखोड चालत नाही. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. जाळरेषेचं काम पाहणारी फायर वॉचर, म्हणजे मी स्वतः, धुमसतं खोड पाण्याने न विझवता मातीने झाकून कामावरून निघून गेले, असं लिहिलं. खाली सही केली. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

भाऊंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि तिथेच राखेत बसले.

"ताई, डोकं ठिकाणावर हाये का? हे साहेबाच्या टेबलावर गेलं तर पुढच्या सालचं विसरा."

"ठाऊक आहे."

"अन् मले तुमच्यासारखी बाई कुठून भेटन?" ते चिडले होते की रडवेले झाले होते, काजळीमुळे कळत नव्हतं. काडीपेटी उचलून त्यांनी मावशीच्या हातात दिली. "घ्या हे. तमाखूसंगं ठेवत जाऊ नका." एवढं बोलून ते चालायला लागले.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. त्यांनी कागद फायलीत लावला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सीझन पूर्ण करा." मी जूनपर्यंत रोज चालले. त्या काळ्या टेकडीवरून जाताना कोणी माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलायचं नाही, कमीही नाही. पाय मात्र त्या वर्षी जेवढे दुखले तेवढे कधी दुखले नव्हते.

पुढचा फेब्रुवारी आला. मी फोन पोळपाटाजवळ ठेवला. पंधरा तारीख गेली, वीस गेली. आईला आता दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसत होतं. तिने फोन उचलला, पदराने त्यावरचं पीठ पुसलं आणि फळीवर ठेवून दिला. मी शिवायला बसले आणि दिवसभर बाह्या उलट्या जोडल्या.

मार्चच्या मध्यात एक दिवस राहवलं नाही. पहिल्या बसने निघाले, साडी नेसून. साडीत जंगल वेगळंच लागतं, प्रत्येक काटा विचारपूस करतो. मावशी झाडाखालीच होती. आणि झाडाखाली काळं गोल होतं. कापड नव्हतं.

मी काही विचारायच्या आधीच ती सुरू झाली. "नवी पोरगी आली तुह्या जागी. चांगली हाये, पण नेमाची. म्हणे खात्याची जाळीच पाहिजे, असं कापड चालत नाही. घेऊन गेली हापिसात. मी म्हटलं, बाई, ते सरकारचं नाही, तिच्या बापाचं हाये. नाही आयकलं." मग टोपली खाली आपटून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुले कोणं सांगतलं होतं खरं लिहाले? मी म्हटलं होतं का नाही, माह्या नावानं लिही? तू असती त कापड असतं. आता पुन्हा इस्तो लावा लागला मले. पकडलं त आता कोण लिहीन माह्यासाठी?"

ती खरंच रागावली होती. मी तिथेच गोलाच्या कडेला बसले. ती आभार मानेल असं मनात कुठेतरी धरून आले होते, बस हलल्यापासून, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

थोड्या वेळाने ती जरा नरम झाली. "भेऊ नको. सगळीकडून पाणी टाकलं. माती नाही टाकली कुठंच."

मी फुलं वेचू लागले. वेचता वेचता सवयीने उलटा हात जमिनीला लावत गेले, राखेला, दगडांना, मुळांना. थंड, थंड, थंड. पलीकडच्या बाजूला एक जाड मूळ जमिनीतून वर आलं होतं. तिथे हात लावला आणि पटकन मागे घेतला. वाकून पाहिलं तर मुळाच्या खालच्या फटीतून केसाएवढा धूर येत होता.

"मावशी, डबा दे," मी म्हटलं.

"आन वं, मी जातो."

"बस तू. दे इकडे."

नाल्यापर्यंत तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला चप्पल तुटली, ती हातात घेतली. टेकाडापलीकडच्या रस्त्यावरून माझी परतीची बस गेल्याचा आवाज आला. मावशीनेही ऐकला. "गेली तुही गाडी," ती म्हणाली. पुढची संध्याकाळी होती. मी पाचवा डबा मुळावर ओतला आणि आम्ही दोघी तिथे बसून राहिलो, त्या फटीकडे बघत.